पनवेलचा चिक्कू

अश्दोद,
५ डिसेंबर १९९३

ती. सॅम्युअलदादास,
रोझीचा शालोम आणि शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, मुंग्यांची रांग! एअरलेटरच्या गोंद लावायच्या कडेवरसुद्धा तू दोन ओळी कोंबल्यास आणि त्या गोंदाखाली गेल्या. त्यामुळे छपराची गळती थांबली की नाही थांबली, ते मला कळलंच नाही. पुढच्या वेळी ते मधोमध लिही. दुसरं एअरलेटर घ्यायला तुझा जीव जातो हे मला ठाऊक आहे. उष्ट्या हाताने कावळा हाकायचा नाहीस तू! अख्ख्या पनवेलमध्ये तुझ्याइतका चिक्कू माणूस शोधून सापडणार नाही. तुझं पत्र आलं की मी हे वाक्य मोठ्याने म्हणते, तेव्हाच मला ते पत्र आल्यासारखं वाटतं.

इथे सगळे मजेत. हे बंदरावरच्या कामात रमलेत. तू न्हावा शेव्याला कंटेनरचे कागद बघतोस आणि हे इथे कंटेनर उतरवून घेतात. एखादा तरी तुम्हा दोघांच्या हाताखालून गेला असेल, असं यांचं म्हणणं. नोगा आता अकरा वर्षांची झाली. मराठी घडाघडा बोलते, लिहिते मात्र कोंबडीच्या पायांनी. दर शुक्रवारी दुपारी मी तिला बाराखडी गिरवायला बसवते आणि ती दर शुक्रवारी पोटात दुखतंय म्हणते.

आता मुद्द्याचं. आमच्या शेजारच्या मलकामावशींची भाची दीना वाकरूळकर पेणला दवाखान्यात नर्स आहे. नवरा जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही. मावशी म्हणतात, बाई सरळ आहे, पण जे असेल ते तोंडावर बोलते. दादा, आई गेल्यापासून तू एकटा जेवतोस. त्यामुळे मला इथे घास गोड लागत नाही असं म्हणणार नाही, कारण लागतो. पण मधेच तुझी आठवण येते आणि मग तो पाण्याबरोबर उतरवावा लागतो. मावशींनी तिला लिहिलंच होतं, आज मीही लिहिलं. नोगानेही हट्टाने एक चिठ्ठी पाकिटात घातली आणि मला वाचू दिली नाही. मामी होणार असेल तर मामा कसा आहे ते मीच सांगणार, असं तिचं म्हणणं पडलं.

दीना भेटली तर चहा पूर्ण कप दे. लोभ आहे तसाच राहू दे, आणि पत्र दोन कागदी येऊ दे.

तुझी,
रोझी


पनवेल,
२६ डिसेंबर १९९३

चि. सौ. रोझीस,
अ. उ. आ. आणि शालोम.

पत्र पोचलं. गळती थांबली. मधोमध लिहिलं आहे.

तुझ्या दीनाबाई भेटल्या. गेल्या रविवारी इथे एका लग्नघरी मलिदा होता, त्याला पेणहून मंडळी आली होती. गूळपोह्यांच्या ताटाभोवती फळं मांडायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे होतं. नेऱ्याच्या काशिरामने बागेतले चिक्कू आणून दिले होते. प्रार्थना झाल्यावर मी ताट फिरवलं, तेव्हा त्यांनी चिक्कू उचलला आणि आपणहून सांगितलं की मी दीना, मलकामावशीचं पत्र मला आलं आहे. मी त्यांना दुसरा चिक्कू दिला.

नंतर त्या घरी येऊन गेल्या. चहा पूर्ण कप दिला. एसटी स्टँडपर्यंत मी त्यांना चालत सोडलं. रिक्षा केली नाही, कारण हवा छान होती. हसू नकोस, हवा खरंच छान होती. बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांमुळे काही ऐकू येईना, तेव्हा मला एकच वाक्य तीनदा म्हणावं लागलं. वाक्य विशेष काही नव्हतं, पण त्या तिन्ही वेळा थांबल्या आणि कान पुढे करून त्यांनी ऐकून घेतलं. माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकल्याची मला सवय नाही.

त्यांनी पत्र लिहीन असं सांगितलं आहे. मी रोज पोस्टमनची वाट बघतो, हे तुला म्हणून सांगतो. भांडीवाल्या गुणाबाईच्या ते लक्षात आलंच आहे. ती म्हणते, सायब, आता तरी खिडकीला नवा पडदा लावा, घर तुमचा हाय, आमी काय सांगणार. पडदा अजून चांगला आहे.

नोगाला पापा. तब्येतीस जपा, आमच्यावर माया असू दे.

तुझा,
सॅम्युअलदादा


पेण,
५ जानेवारी १९९४

रा. सॅम्युअल आपटेकर यांस,
स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. मुद्दाम केला. रागात किंवा घाबरून लिहू नये असं मला वाटतं.

आपली भेट झाली त्यानंतर चार-पाच दिवसांत तुमच्या बहिणीचं पत्र आलं. पत्र फार चांगलं आहे. त्यात तुमच्या भाचीची चिठ्ठी होती, खाली सूर्य आणि टोपीवाला माणूस काढलेला. तिने लिहिलं आहे: ‘माझा मामा खूप चिक्कू आहे. आई नेहमी म्हणते, अख्ख्या पनवेलमध्ये त्याच्याइतका चिक्कू कोणी नाही. तुला तो खूप आवडेल.’

आधी मी हसले. ड्यूटीवर मैत्रिणींनाही वाचून दाखवलं, त्याही हसल्या. घरी आल्यावर मात्र हसू गेलं. तुम्हाला हे सांगायला हवं, कारण तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. माझे वडील फार कडक हाताचे होते. घरात काही कमी नव्हतं, बरं का. पण तांदळाच्या आणि साखरेच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्या... पाहा, शेजाऱ्यांच्या संगतीने शब्द कसे येतात, आपल्या ज्यू घरांत कुठलं जानवं! किल्ली त्यांच्या कंबरेच्या करगोट्याला असायची. रोजचं ते काढून देत आणि आईने पदर पसरून ते घ्यायचं. पाहुणा आला तर आई आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मग पाहुण्याला बसा म्हणायची. माझा नवरा एझ्रा त्याच्या अगदी उलट, आला पगार की वाटून मोकळा. त्याचाही त्रास झाला, पण त्याच्या घरात मी कोणाच्या तोंडाकडे बघत उभी राहिले नाही.

तुम्ही मला आवडलात, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज व्हायचा नाही. पण त्या कपाटासमोर मी आता या वयात पुन्हा उभी राहणार नाही. एका लहान मुलीच्या चिठ्ठीवरून मला तुमच्याबद्दल ठरवायचं नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. तुमच्या घरी या शब्दाचा अर्थ काय होतो? जे असेल ते कळवा. गोड करून लिहू नका.

कळावे. राग नसावा.

आपली,
दीना वाकरूळकर


पनवेल,
९ जानेवारी १९९४

चि. रोझीस,
अ. आ.

जीभ तुझी, कान मुलीचे आणि मान माझी!

दीनाबाईंच्या पत्रातला मजकूर मागच्या बाजूला उतरवून पाठवतो आहे, तो वाच. एवढी वर्षं तू मला चिक्कू म्हणालीस, मी एकदाही रागावलो नाही. आपल्या दोघांतली ती गंमत होती. ती तू अश्दोदला नेलीस, पोरीला शिकवलीस आणि आता ती पेणच्या दवाखान्यात नर्सबायका मिळून वाचतात.

आता मी त्यांना काय लिहू? मी चिक्कू नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्या घरी साबणाच्या चकत्या एकमेकींना चिकटवून वापरतात, हे तूच जगाला सांगितलं आहेस. मी चिक्कू आहे असं लिहिलं तर त्या बाईने आपल्या वडिलांचं घर पुन्हा कशाला बघावं? त्यांनी एवढं मोकळेपणाने लिहिलं, ते वाचून मला फार वाईट वाटलं. त्यांच्या आईचंही वाटलं.

मी उत्तर लिहिणार नाही. थोड्या दिवसांनी त्या समजतील. पोस्टमनची वाट बघणं बंद केलं आहे. नोगाला काही बोलू नकोस, ती लहान आहे. तूही फार मनाला लावून घेऊ नकोस, पण थोडं घे.

सॅम्युअल


अश्दोद,
२३ जानेवारी १९९४

ती. दादास,
रोझीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी भरल्या कुकरसमोर तशीच उभी राहिले, वरण करपलं. नोगाला काही बोलू नको म्हणालास, पण विचारणं भाग होतं. विचारल्यावर जे निघालं ते ऐक, आणि मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

चिक्कू म्हणजे कंजूष, हे तिला ठाऊकच नाही. तिने मला एकदा विचारलं होतं, आई, चिक्कू काय असतं? मी तेव्हा भाजी निवडत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे काशिरामच्या बापाची टोपली उभी राहिली. मी सांगत सुटले. वरून अगदी मातकट, बटाट्यासारखा, कोणी ढुंकून बघणार नाही. कच्चा असताना ओठाला चिकटतो. पण पिकायला ठेवला, धीर धरला, तर आत असा गोड की साखर नको. इथे तो मिळत नाही, असं म्हणून मी डोळे पुसले. त्यानंतर तुझं पत्र आलं की मी मोठ्याने चिक्कू म्हणणार, हसणार आणि पुन्हा डोळे पुसणार. पोरीने दोन्ही जोडलं. वर्गातसुद्धा तिने सगळ्यांना सांगितलंय की माझा मामा इंडियातला सर्वांत चिक्कू मामा आहे. दोन दिवस ती रडते आहे. तिचं पत्र सोबत जोडलं आहे. मी एक अक्षर सुधारलेलं नाही.

तुझ्याबद्दल मला जे वाटतं ते आज सरळ लिहिते, एरवी आपण थट्टेत काढतो. बाबा गेले तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास आणि मी दहाची. तू कधी अंडं खायचा नाहीस, आवडत नाही म्हणायचास. माझ्या लग्नात तुला अंड्याच्या रश्शावर ताव मारताना पाहिलं, तेव्हा मला कळलं की तुला अंडं आवडतं, आणि मी मेंदी लावल्या हातांनी रडले. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते आहे. पण म्हणून तू संत आहेस असं मी म्हणणार नाही हो! पुढे दिवस बरे आले तरी तुझी मूठ सुटली नाही. एकदा आखडलेला हात आखडलेलाच राहिला. तुला चिक्कू म्हणताना माझ्या मनात हे सगळं असतं, आणि ते एका शब्दात दुसऱ्याला कसं कळावं?

मी दीनाला लिहिणार होते. पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. तिने तुला विचारलंय. तू गप्प बसलास तर बाईला वाटेल की माणूस उत्तरातही हात राखतो. लिही दादा. वाटल्यास तिकिटाचे पैसे मी पाठवते!

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस, मला तेवढा एकच भाऊ आहे.

तुझी,
रोझी


(सोबतचं पत्र)

प्रिय मामा,
शालोम.

माझी चूक झाला. आई म्हणते चूक झाली. चिक्कू दोन असतात ते मला माहीत नव्हतं. एक फळवाला आणि एक माणूसवाला. मी दीनाबाईला फळवाला सांगितला. तिने माणूसवाला ऐकला.

मराठीत असं का करतात? आई सांगते लोभ करू नये, लोभ वाईट. मग पत्राच्या शेवटी सगळे लोभ पाहिजे म्हणतात. तो पण दोन आहे का?

तू फळवाला आहेस की माणूसवाला ते मला लिही. मला फळवाला पाहिजे. पण तू माणूसवाला असला तरी मला चालेल.

दीनाबाईला सांग मी सॉरी आहे. टोपीवाला माणूस तू आहेस. मी तुला पाहिला नाही म्हणून टोपी काढली, केस किती आहेत ते माहीत नाही.

तुझी,
नोगा


पनवेल,
८ फेब्रुवारी १९९४

श्रीमती दीना वाकरूळकर यांस,
स. न. वि. वि.

उत्तराला महिन्याहून जास्त लागला. मी उत्तर लिहिणारच नव्हतो. माझ्या भाचीचं पत्र आलं, ते सोबत पाठवतो, वाचून झाल्यावर परत करा, मला ते ठेवायचं आहे.

त्यावरून तुम्हाला कळेल की तिने चिक्कू कधी पाहिलेला नाही आणि तिला फळ म्हणायचं होतं. एवढंच लिहून मी सही केली असती तर प्रकरण इथे मिटलं असतं. पण शब्द तिला तिच्या आईकडून मिळाला, आणि तिच्या आईच्या मनातला अर्थ तुम्ही घेतलात तोच आहे.

आमच्या घरी या शब्दाचा अर्थ काय, असं तुम्ही विचारलंत. मी त्यावर बराच विचार केला, बंदराच्या बसमध्येही तोच करत होतो. आपल्याकडे कंजूष आहे, कृपण आहे, कद्रू आहे, कवडीचुंबक आहे. हे शब्द लोक माणसाच्या पाठीमागे बोलतात. चिक्कू तोंडावर म्हणतात, आणि तेही आपल्याच माणसाला. शाळेत कोणी खिशातल्या चिंचा वाटल्या नाहीत की आम्ही त्याला चिक्कू म्हणायचो आणि मग त्याच्याच खांद्यावर हात टाकून घरी जायचो. रोझी मला म्हणते त्यात तक्रार असते, पण ती उपाशी माणसाची तक्रार नसते. एवढा फरक मला सांगता येतो. तुमच्या वडिलांना हा शब्द लागू पडतो असं मला वाटत नाही. त्यांच्यासाठी कोणता, ते मी सांगणं बरं नाही.

आता माझं. मी खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करतो. आत माणूस बसलेला असला तरी करतो, ऑफिसात यावरून दोनदा बोलणी खाल्ली आहेत. दोरे, पुठ्ठे, रबर टाकून देत नाही. आमच्या घरी कुलूप फक्त बाहेरच्या दाराला आहे, डब्यांना नाही. आई होती तेव्हा तिच्या ताटाकडे माझी नजर गेली नाही असं मला वाटतं, पण ती आता नाही, तेव्हा साक्ष कोणाची देऊ? माझ्याबरोबर राहणाऱ्या माणसाला मी कसा वाटेन, ते मला खरोखर माहीत नाही, कारण इतक्यात तसं कोणी राहिलेलं नाही. तुमचं पत्र वाचल्यापासून मला याचीच भीती वाटते. तुमच्या आईसारखं कोणी माझ्या तोंडाकडे बघत उभं राहिलं तर मला ते सहन होणार नाही, आणि ते माझ्या लक्षात येईल की नाही, याचीही खात्री नाही.

वीस तारखेला रविवार आहे. जमलं तर या. सगळे डबे उघडून बघा. स्वयंपाकही तुम्हीच करा, मी मधे येणार नाही. त्यानंतर नाही म्हणालात तर मी तुम्हाला स्टँडपर्यंत सोडीन, रिक्षाने.

उशिराबद्दल क्षमा असावी आणि मनात किंतु न ठेवता कळवावं.

आपला,
सॅम्युअल आपटेकर


पेण,
२३ फेब्रुवारी १९९४

सौ. रोझीबाई यांस,
स. न. वि. वि.

तुम्हाला मावशींकडून अर्धवट कळण्याआधी मीच लिहिते. रविवारी मी पनवेलला गेले. तुमच्या भावांनी डबे उघडून बघा असं लिहिलं होतं, ते त्यांनी रीत म्हणून लिहिलं असेल, पण मी नर्स आहे, तपासायला लाजत नाही. सगळे उघडले. तांदूळ, डाळ, साखर, सगळं भरलेलं. एका डब्यात नुसते मिठाईच्या पुड्यांचे दोरे निघाले, नीट गुंडाळून ठेवलेले, तेव्हा मला हसू आवरेना. तेही हसले आणि कान लाल झाले.

मग तांदळाचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. मी मुठीने तांदूळ घेतले. आमच्या घरी मूठ भरली की वर आलेले दाणे परत डब्यात झटकून टाकावे लागत, वडील तिथेच उभे असत. माझा हात अजून आपोआप तसाच झटकतो. एझ्राच्या घरी तो मला याबद्दल चिडवायचा. मी झटकले, आणि मग बघितलं तर दारात कोणीच नव्हतं. मी आणखी दोन मुठी घातल्या.

भाताला उकळी आली असेल-नसेल, बाहेरून आवाज आला की आता गॅस बारीक करा. माझे हात तिथेच थांबले. खरं सांगते रोझीबाई, पिशवी उचलून निघावं असं मनात आलं. वडील हेच म्हणायचे. नुसतं म्हणून थांबायचे नाहीत, स्वतः आत येऊन बटण फिरवायचे, आणि आई कच्चट भात वाढायची. मी आतूनच म्हटलं की इतक्यात बारीक केला तर भात कच्चा राहील, मी करणार नाही. माझा आवाज जरा चढलाच. तुमचे भाऊ दारात आले. त्यांनी त्या मोठ्या ज्योतीकडे बघितलं. दाढ दुखणाऱ्या पेशंटसारखा चेहरा झाला होता त्यांचा, मला कीव आली. पण हात पुढे आला नाही. बरं, राहू दे, असं म्हणाले आणि परत बाहेर जाऊन बसले.

वडील आमच्या स्वयंपाकघरातून असे परत गेल्याचं मला एकदाही आठवत नाही.

भात शिजेपर्यंत मी ओट्याला टेकून उभी होते आणि कांदा न चिरता डोळ्यांतून पाणी येत होतं. नंतर आम्ही दोघं पोटभर जेवलो. भात थोडा उरला, तो उरला हे बघून ते काही बोलले नाहीत. होकार मी लगेच दिला नाही. भांडी घासली, हात पुसले आणि मग दिला. त्यांना एसटीच्या वेळेचं भान राहिलं नाही, म्हणून माझी गाडी चुकली आणि पुढच्या गाडीपर्यंत आम्ही स्टँडवरच बसून होतो.

पुरीमचा सण झाला की तारीख काढू. तुम्ही तिघंही या, निमित्त काढून नाही म्हणू नका. तुम्हाला रोझीबाई म्हणायचं की वन्सं, ते कळवा, माझी जीभ दोन्हींना तयार आहे. इथून पुढे माझ्यावरही तुमची माया असावी, आणि असली तर ती हात राखून नको.

तुमची वहिनी,
दीना